मीटरचा काटा पडला म्हणून लगेच सेन्सर बदलू नका
गाडीतील वेगाचा सिग्नल कसा तपासावा? शहापूर-मुरबाडच्या गॅरेजवाल्यांसाठी व गाडीमालकांसाठी

गाडी चालू आहे, इंजिन ठीक आहे, पण मीटरचा काटा शून्यावर पडून राहिला आहे. कधी खड्ड्यात आदळली की काटा उठतो, दोन किलोमीटर गेल्यावर पुन्हा खाली बसतो. सोबत इंजिनाचा पिवळा दिवा लागतो. असा गाडीवाला गॅरेजमध्ये आला की बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळते, "स्पीड सेन्सर गेला, नवा टाकावा लागेल." सेन्सर येतो, बसतो, पैसे दिले जातात. आठ दिवसांनी काटा पुन्हा शून्यावर. मग मीटर बदलण्याची भाषा सुरू होते आणि त्यानंतर कॉम्प्युटरची.

या सगळ्या खर्चाच्या मुळाशी पुष्कळदा एक हिरवी पडलेली पिन, उंदराने कुरतडलेली तार किंवा टेप गुंडाळून केलेला कच्चा सांधा असतो. दोष शोधायला अर्धा तास लागला असता, पण तो शोधलाच गेला नाही. पार्ट बदलणे म्हणजे दुरुस्ती नव्हे. आधी मोजावे, मग बदलावे, ही साधी शिस्त पाळली तर गिऱ्हाइकाचा पैसा वाचतो आणि गॅरेजचे नाव राहते.

हा विषय आपल्या पानावर घेण्याला कारण आहे. न्यायमूर्ती राजिंदर सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. मुस्लिम कामगारांचे प्रमाण ज्या धंद्यांत अधिक दिसते, त्यांत वाहनांची दुरुस्ती आणि रस्त्यावरील वाहतूक हे दोन धंदे समितीने नोंदवले होते. म्हणजे गाडी दुरुस्त करणारा आपला आणि गाडीवर पोट असणाराही आपला. दोन्ही बाजूंनी हा रोजीचा प्रश्न आहे.

इथल्या रस्त्यांवर वेगाला महत्त्व का?

शहापूर तालुका मुंबई-नाशिक महामार्गावर पसरलेला आहे. वाशिंद, आसनगाव, आटगाव, खर्डी, कसारा आणि पुढे घाट. जून २०२५ मध्ये समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा खुला झाला, तोही याच तालुक्यातून जातो. मुरबाडकडे कल्याणहून येणारा रस्ता सरळगाव, टोकावडे करीत माळशेज घाटाला भिडतो. किन्हवली, डोळखांब अशा आतल्या गावांचा कारभार तर बहुतांशी जीप, ईको, टेम्पो यांवरच चालतो. सकाळी भाजी आणि दूध, दिवसा प्रवासी, हंगामात भाताची पोती.

अशी गाडी दोन दिवस गॅरेजमध्ये उभी राहिली की त्या घरातील दोन दिवसांची कमाई गेली. उलट मीटर बंद ठेवून ती घाटात नेली, तर उताराला आपण किती वेगात आहोत याचा अंदाज डोळ्यांनी करावा लागतो. धुक्यात आणि पावसात हा अंदाज चुकतो. म्हणून "काटा नाही तर नाही, गाडी तर चालते ना," असे म्हणणे महागात पडू शकते.

काट्यामागची यंत्रणा

जुन्या गाड्यांत गिअर बॉक्सपासून मीटरपर्यंत एक केबल जात असे. केबलच्या टोकाला मीटरमध्ये लोहचुंबक फिरे, त्याच्या ओढीने शेजारची धातूची वाटी वळे आणि वाटीला जोडलेला काटा सरके. ही पद्धत जर्मन संशोधक ओटो शुल्झे यांनी १९०२ मध्ये पेटंट केली आणि ती जवळजवळ शतकभर चालली. त्या काळी निदानही सोपे होते. काटा थरथरला तर केबल कोरडी, काटा मेला तर केबल तुटलेली.

पुढे इंजिनाला कॉम्प्युटर आला. त्यालाही गाडीचा वेग कळावा लागतो आणि केबल त्याला काही सांगू शकत नाही. म्हणून गिअर बॉक्सवर सेन्सर बसू लागला. यातील बरेच सेन्सर हॉल परिणामावर चालतात. अमेरिकन शास्त्रज्ञ एडविन हॉल यांनी तो १८७९ मध्ये शोधला. चुंबक समोरून गेला की सेन्सर सिग्नल चालू-बंद करतो. चाक फिरते तसे हे ठोके पडतात. कॉम्प्युटर व मीटर ते ठोके मोजतात आणि त्यावरून वेग काढतात.

हिशेब कसा असतो ते पाहू. जपानी पद्धतीच्या अनेक गाड्यांत मीटरची दांडी एका किलोमीटरला ६३७ फेरे घेते. सेन्सर एका फेऱ्याला ४ ठोके देत असेल, तर किलोमीटरला २,५४८ ठोके झाले. ताशी ६० किलोमीटर वेगाने एक किलोमीटर जायला ६० सेकंद लागतात, म्हणजे सेकंदाला सुमारे ४२ ठोके. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा असू शकतो, तो तिच्या पुस्तकात पाहावा. पण वेग म्हणजे ठोक्यांची मोजणी, एवढे डोक्यात बसले की पुढचे काम सोपे होते.

एक सिग्नल, अनेक कामे

हा सिग्नल फक्त काट्यासाठी नसतो. किलोमीटरची नोंद त्यावरच चालते. गाडी उतारावर ॲक्सिलरेटर सोडून धावत असताना इंधन केव्हा तोडायचे, गाडी थांबत असताना इंजिन कसे सांभाळायचे, हे ठरवताना इंजिनाचा कॉम्प्युटर वेग पाहतो. म्हणून सिग्नल गेला की काही गाड्या सिग्नलपाशी किंवा टोल नाक्यावर थांबताना बंद पडतात, काहींचा एव्हरेज घसरतो. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगची मदत वेगानुसार कमी-जास्त होते, तिथेही दिवा लागू शकतो आणि हाताला फरक जाणवतो. दरवाजे आपोआप लॉक होणे, वेगाची सूचना देणारी बीप, वेगमर्यादा यंत्र, हे सारे याच माहितीवर चालते.

म्हणूनच गिऱ्हाईक "गाडी थांबताना बंद पडते" ही तक्रार घेऊन येते, तेव्हा थेट इंजेक्टर खोलायला बसण्याआधी मीटरच्या काट्याकडे एकदा पाहावे.

पहिली पायरी: विचारा आणि पाहा

उस्ताद आपल्या शागीर्दाला पाना हातात देण्याआधी कान उघडे ठेवायला शिकवतो. गाडीवाल्याला चार प्रश्न विचारा. काटा कायमचा बंद आहे की मधूनच? पावसात जास्त होते का? खड्ड्यात आदळल्यावर फरक पडतो का? आणि हे सुरू होण्याआधी गाडीत कोणते काम झाले? क्लच, गिअर बॉक्स, म्युझिक सिस्टिम, टायर, काहीही.

मग गाडी थोडी चालवून तीन गोष्टी एकदम पाहा.

काटा बंद, पण किलोमीटर पुढे सरकत असतील, तर सिग्नल मीटरपर्यंत पोहोचतो आहे. दोष बहुधा मीटरच्या आत, काट्याच्या छोट्या मोटारीत आहे. सेन्सरला हात लावायचे कारण नाही.

काटा बंद, किलोमीटरही बंद, पण स्कॅनरवर वेग दिसत असेल, तर सेन्सर जिवंत आहे. दोष मीटरकडे जाणाऱ्या वाटेत किंवा मीटरमध्ये आहे.

काटा, किलोमीटर आणि स्कॅनर तिन्हीकडे शून्य असेल, तर सिग्नल निघतच नाही किंवा वाटेतच तुटतो. आता खाली उतरून सेन्सरकडे जायचे.

स्कॅनर म्हटले की छोटे गॅरेजवाले मागे सरतात. पण बीएस-४ चे नियम एप्रिल २०१७ पासून देशभर लागू झाले, त्यानंतरच्या गाड्यांत स्टिअरिंगखाली सोळा पिनांचे सॉकेट असतेच. त्याला लावून मोबाईलवर वाचता येणारा साधा रीडर फार महाग नसतो. या दोषात बहुधा पी-०५०० हा कोड मिळतो. सिग्नल मधूनच तुटत असेल तर पी-०५०३ दिसू शकतो. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. पी-०५०० याचा अर्थ "सेन्सर खराब आहे" असा नाही. "इंजिन गाडी चालल्यासारखे फिरते आहे, पण मला वेग कळत नाही," एवढेच कॉम्प्युटर सांगतो. वेग का कळत नाही, हे शोधणे मेकॅनिकचे काम.

दुसरी पायरी: तीन तारांची साक्ष

आधी बॅटरी आणि फ्यूज. इंजिन चालू असताना बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट हवेत. मीटरचा फ्यूज नुसता डोळ्यांनी पाहू नका, मल्टिमीटरने तपासा.

मग सेन्सरचा कपलर. तो काढून पिना पाहा. हिरवट थर, आलेला ओलावा, आत गेलेले ऑइल, मागे सरकलेली पिन, यांपैकी काही दिसले तर निम्मे काम तिथेच झाले. हॉल सेन्सरला बहुधा तीन तारा असतात. एक पुरवठ्याची, एक अर्थची, एक सिग्नलची. कोणती तार कोणती, हे वायरिंगच्या नकाशावरून ठरवावे, रंगावरून अंदाज बांधू नये.

चावी चालू करून मोजा. पुरवठ्याच्या तारेवर गाडीप्रमाणे ५ किंवा १२ व्होल्ट हवेत. कपलर पुन्हा जोडून अर्थची तार आणि बॅटरीचे निगेटिव्ह टोक यांमध्ये मोजा. तिथे ०.१ व्होल्टपेक्षा जास्त आले तर अर्थ कमजोर आहे. अर्थचा बोल्ट घासून घट्ट केला एवढ्यानेच काही गाड्या सुधारतात. आता कपलर काढून गाडीकडून येणाऱ्या सिग्नलच्या तारेवर मोजा. बहुतेक गाड्यांत मीटर किंवा कॉम्प्युटर या तारेवर स्वतःहून ५ किंवा १२ व्होल्ट पाठवतो. ते आले तर तार शाबूत आहे. शून्य आले तर तार तुटली आहे किंवा कुठेतरी बॉडीला टेकली आहे. अशा गाडीत दहा नवे सेन्सर टाकले तरी काटा हलणार नाही.

तार सोलून किंवा टोचून मोजू नका. त्या भोकातून पाणी शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात नवा दोष तयार होतो. कपलरच्या मागून बारीक पिन सरकवून मोजावे.

तिसरी पायरी: चाक फिरवून पाहा

कपलर जोडा, मल्टिमीटर सिग्नलच्या तारेवर ठेवा, गाडी न्यूट्रलमध्ये घ्या आणि इंजिनाची ताकद ज्या चाकांना जाते त्यांतील एक चाक उचला. ईको, बोलेरो यांसारख्या मागून चालणाऱ्या गाड्यांत मागचे चाक उचलावे लागते. अशा वेळी हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना मागे-पुढे लाकडी ठोकळे लावा आणि गाडी फक्त जॅकवर न ठेवता खाली स्टँड लावा. घाईत जॅकवर विसंबून गाडीखाली जाणे म्हणजे जिवाशी खेळ.

चाक हाताने हळूहळू फिरवा. सिग्नलचे व्होल्ट वर-खाली, वर-खाली झाले पाहिजेत. झाले, तर सेन्सर निर्दोष आहे. नाही झाले आणि पुरवठा व अर्थ दोन्ही ठीक आहेत, तर सेन्सर बाहेर काढा, पण फेकू नका. काही सेन्सरना खाली प्लास्टिकचे दातेरी चाक असते. कपलर जोडलेला ठेवून ते बोटाने फिरवा. आता व्होल्ट हलले, तर सेन्सर चांगला आहे आणि आतला गिअर झिजला आहे किंवा दाते उडाले आहेत. तरीही हलले नाहीत, तरच सेन्सर खरोखर गेला. काही सेन्सरच्या तोंडाशी लोखंडाचा कीस चिकटलेला असतो, तो पुसल्यावर सेन्सर पुन्हा काम करू लागतो.

आणखी एक साधी युक्ती आहे, पण ती फक्त वर सांगितलेल्या तीन तारांच्या पद्धतीसाठी. कपलर काढून गाडीकडील सिग्नलची तार अर्थला पटापट लावायची आणि काढायची. सेकंदाला पाच वेळा लावली तर वरच्या हिशेबाने ताशी सात किलोमीटर वेग होतो. स्कॅनरवर असा काही आकडा उमटला, तर तार आणि कॉम्प्युटर दोन्ही ठीक आहेत. मात्र पुरवठ्याची तार चुकूनही अर्थला लावू नका, फ्यूज उडेल.

दोन तारांचे जुने चुंबकी सेन्सर वेगळे. त्यांना पुरवठा नसतो. त्यांच्या कॉइलचा ओहम मोजावा आणि चाक फिरवताना एसी व्होल्ट वाढतात का ते पाहावे.

दोष मधूनच येत असेल, तर मीटर जोडलेले ठेवून हार्नेस जागोजागी हलवून पाहा. आकडा जिथे दचकतो, तिथे दोष.

आपल्या भागातले नेहमीचे दोष

पहिले पाणी. जून ते सप्टेंबर या भागात मुसळधार पाऊस पडतो, रस्त्यावरचा चिखल गाडीच्या पोटाला लागतो. प्रेशरचे पाणी थेट कपलरवर मारणारे वॉशिंगवालेही यात भर घालतात.

दुसरे उंदीर. भाताचे पोते वाहणारी आणि रात्री शेताकडे किंवा गोठ्याजवळ उभी राहणारी गाडी उंदरांना आवडते. हार्नेसच्या आवरणाखाली कुरतडलेली तार वरून दिसत नाही.

तिसरा माणसाने केलेला सांधा. वेगमर्यादा यंत्र किंवा नवी म्युझिक सिस्टिम बसवताना वेगाच्या तारेला सोलून दुसरी तार पिळतात आणि वर टेप मारतात. सहा महिन्यांत सांधा काळा पडतो. गाडीत असे जादा काम झाले असेल, तर आधी तो सांधा उघडा, सोल्डर करा आणि त्यावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा.

चौथा टायर. मोठे टायर घातले की काटा कमी वेग दाखवतो. यात सिग्नलचा काही दोष नसतो.

नव्या गाड्यांत दोष चाकापाशी

एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारगाड्यांना एबीएस सक्तीचे झाले. बऱ्याच नव्या गाड्यांत गिअर बॉक्सवर वेगळा सेन्सर नसतोच. चारही चाकांचे एबीएस सेन्सर वेग मोजतात आणि तो आकडा गाडीच्या अंतर्गत जाळ्यातून मीटरला व इंजिनाला जातो. अशा गाडीत काटा पडला आणि सोबत एबीएसचा दिवा लागला, तर गिअर बॉक्सवर सेन्सर शोधत बसू नका. एबीएस वाचणारा स्कॅनर लावा, गाडी सरळ रस्त्यावर सावकाश चालवा आणि चारही चाकांचे आकडे पाहा. तीन चाके २० दाखवतात आणि चौथे शून्य, तर दोष त्या चाकापाशी. तिथे बेअरिंग नुकते बदलले असेल तर आणखी एक शक्यता आहे. काही बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकी पट्टी असते. बेअरिंग उलटे बसले की सेन्सरला काहीच दिसत नाही.

कायदा आणि किलोमीटर

केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधील नियम ११८ नुसार १ ऑक्टोबर २०१५ पासून बनलेल्या बहुतेक व्यावसायिक वाहनांना वेगमर्यादा यंत्र आवश्यक आहे. मर्यादा ताशी ८० किलोमीटर. डंपर, टँकर, शाळेच्या बस यांना ६०. १ जुलै २०१९ पासून नव्या प्रवासी मोटारींत ८० च्या पुढे बीप आणि १२० च्या पुढे सतत आवाज देणारी सोय आली. वेगाची हद्द ओलांडल्यास २०१९ च्या दुरुस्तीनंतरच्या केंद्रीय कायद्यात हलक्या वाहनाला १,००० ते २,००० रुपये दंड सांगितला आहे. मीटर बंद होते, ही सबब कॅमेऱ्यापुढे चालत नाही.

याच कारणाने काही गाडीवाले उलटी मागणी घेऊन येतात. "भाईजान, लिमिटरची तार काढून टाका." किंवा "विकायची आहे, मीटर बंदच राहू द्या, किलोमीटर कमी दिसतील." या दोन्ही कामांना नकार द्यावा. पहिल्यात माणसांच्या जिवाला धोका आहे, दुसऱ्यात खरेदीदाराची फसवणूक आहे. किलोमीटरचा आकडा हेही एक माप आहे. माप मारणाऱ्यांसाठी कुरआनात सूरह अल्-मुतफ्फिफीन आहे, हे आपल्याला वेगळे सांगायला नको.

तपासणीचे पैसे मागायला लाजू नका

मेकॅनिक सेन्सर बदलण्याची घाई का करतो? कारण पार्ट विकला तर पैसे मिळतात, नुसत्या तपासणीचे गिऱ्हाईक देत नाही. "काय केलेस, एक पिन तर साफ केलीस," असे म्हणून निघून जाते. ही सवय दोघांनी मोडायला हवी. गॅरेजवाल्याने काम घेतानाच सांगावे, "चाचा, तपासणीचे इतके होतील. पार्ट लागला तर वेगळे, नाही लागला तर एवढ्यातच काम." गाडीमालकानेही समजून घ्यावे की पिन शोधणारे डोके पिनेपेक्षा मोलाचे आहे. तपासणीचे थोडे पैसे देऊन नको असलेला पार्ट वाचला, तर तो सौदा फायद्याचाच.

पार्ट बदललाच तर जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात द्यावा आणि तो कसा तपासला ते दाखवावे. बाजारात धान्याच्या ढिगात हात घातल्यावर आत ओल लागली, तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी विक्रेत्याला ओले धान्य वर ठेवायला सांगितले, म्हणजे घेणाऱ्याला ते दिसेल. गॅरेजमध्ये हा धडा असा लागू होतो, की दोष झाकून ठेवू नये आणि नसलेला दोष दाखवू नये.

जे तरुण या धंद्यात येत आहेत त्यांनी पान्यांच्या पेटीत एक चांगला मल्टिमीटर ठेवावा. तो काही शे रुपयांत मिळतो. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मोटर मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम असतो, जमल्यास तो करावा. उस्तादाच्या हाताखालचा अनुभव आणि हे शिक्षण एकत्र आले, तर कल्याण-ठाण्याच्या मोठ्या वर्कशॉपकडे जाणारी गाडी शहापूर-मुरबाडलाच थांबेल. गाडीची चावी गिऱ्हाईक विश्वासाने आपल्या हातात देते, ती अमानत आहे. ती सांभाळली की हलाल कमाईत बरकत येते, इन्शाअल्लाह, आणि पुढचे गिऱ्हाईक तोच माणूस घेऊन येतो.